शनिवारची चिंधी

रेजिना, १२ ऑगस्ट २०२४

आदरणीय श्री. मॉरिस रोहेकर यांस,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. टोरोंटोच्या वनिताताईंनी तुमचा पत्ता दिला आणि बजावलं, "ते ईमेल उघडत नाहीत. कागदावर लिही, मराठीत लिही, आणि शुद्ध लिही, नाहीतर चुका लाल करून परत पाठवतील." तेव्हा जपून लिहिते आहे.

मी मूळची नागपूरची. रेजिनापासून दीड तासावर केटल प्लेन्स कृषी महाविद्यालय आहे, तिथे कॉन्ट्रॅक्टवर काम करते. पुढच्या सप्टेंबरात कॉलेजला शंभर वर्षं होतील. त्याच्या सुरुवातीच्या काळाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. सरकारने सात हजार एकर जमीन दिली आणि प्रिन्सिपल ट्वीड यांनी उघड्या माळावर दोन लाकडी खोल्यांत वर्ग भरवले, एवढं इथे पोरासोरांनाही पाठ आहे. बाकी सगळं बेसमेंटमधल्या खोक्यांत पडलेलं.

मागच्या आठवड्यात जुन्या शेडमध्ये जवसाचं तेल काढायचा घाणा सापडला. कॉलेजचा पहिलावहिला. त्याच्या लाकडावर चाकूने कोरलं होतं: 'अब्राहाम सामसन रोहेकर, नवगाव, जिल्हा कुलाबा'. चक्क मराठीत! मी बोटाने धूळ पुसून पुन्हा वाचलं. सगळ्या कॉलेजात ते वाचू शकणारी मी एकटी.

हे तुमचे कोण? कॉलेज संस्थापकांच्या नावांची भिंत उभारणार आहे. त्यावर हे नाव असावं असं मला मनापासून वाटतं.

आपली नम्र,
सुनेत्रा दाणी

*

टोरोंटो, २५ ऑगस्ट २०२४

सुनेत्राबाई,
शालोम आणि नमस्कार.

तुमच्या पत्रात तीन चुका आहेत, पण माफ केल्या. अब्राहाम सामसन माझे आजोबा!

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग लेकीला, रिबेकाला, फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "डॅड, आर यू क्रायिंग?" मी म्हटलं, कांदा चिरतोय.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. कोकणात आम्हाला शनिवार तेली म्हणत, कारण तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद. आजोबा १९०६ साली बोटीने व्हँकुव्हरला उतरले, लाकडाच्या गिरणीत राबले आणि पुढे तुमच्या माळावर आले. तिथे जवस बघून म्हणाले, ह्याचं तेल मी काढतो. लिहिता-वाचता येत होतं म्हणून प्रिन्सिपलने त्यांना कारकून पण केलं. आजी आणि माझे वडील तोवर नवगावात. त्यांना इकडे आणायचं ठरलं होतं, ते काही जमलं नाही. १९२६ साली आजोबाच परत गेले. ते वारले तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो, म्हणजे ही ऐकीव गोष्ट नव्हे.

त्यांच्या डाव्या अंगठ्याला मधोमध खोल चीर होती. लहानपणी घाण्यात सापडला होता. दर शनिवारी ते त्या अंगठ्याला चिंधी बांधायचे. चुकूनही हात कामाला लागू नये म्हणून, असं आम्ही समजायचो. पुढे वडील बांधू लागले, मग मी. मुंबईतले आमचेच लोक हसायचे, की असलं काही धर्मात सांगितलेलं नाही. हसू देत. आमच्या घरात आहे.

त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्यांची सही आहे आणि खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. मी विचारलं होतं, सही येते तर अंगठा कशाला? म्हणाले, "सही खोटी करता येते. अंगठा येत नाही."

मी अठ्ठ्याहत्तरचा आहे. एकतीस वर्षं इथल्या पोस्टात दुसऱ्यांची नावं वाचली. आमचं एक नाव भिंतीवर लागलेलं बघू द्या, मग मी मरायला मोकळा.

मॉरिस रोहेकर

*

रेजिना, १४ सप्टेंबर २०२४

प्रिय मॉरिसकाका,

काका म्हटलं तर चालेल ना? माझे वडील जाऊन सहा वर्षं झाली. तुमचं पत्र वाचताना त्यांचाच आवाज ऐकू येत होता.

भिंतीचं काम पुढे सरकतं आहे. डीनबाई म्हणाल्या, नाव द्यायला हरकत नाही, पण पुरावा भक्कम हवा. ते प्रार्थनेच्या पुस्तकातलं पान पाठवाल का? फोटो नको, मूळ पान हवं. ठसा डाव्याच अंगठ्याचा आहे ना? चीर स्पष्ट दिसते ना? सोबत एक संमतिपत्र आहे. पान कॉलेजने 'सर्व कारणांसाठी' वापरावं असं त्यात लिहिलंय. तो नेहमीचाच मजकूर आहे, फार विचार करू नका. सही करा आणि पाठवा.

माझंही थोडं सांगते. नवरा, उन्मेष, वॉटर्लूला एका टेक कंपनीत. मी इथे. संसार दोन प्रांतांत आणि सगळी बचत विमानाच्या तिकिटांत. माझं कॉन्ट्रॅक्ट एप्रिलपर्यंतच आहे. हे पुस्तक नीट झालं तर पर्मनंट होण्याची आशा आहे. तुमच्या आजोबांमुळे एका मराठी बाईला नोकरी लागेल, बघा!

आपली,
सुनेत्रा

*

टोरोंटो, ६ ऑक्टोबर २०२४

चि. सुनेत्रा,
अनेक आशीर्वाद. आमचं नवं वर्ष गुरुवारी लागलं. गव्हाच्या चिकाचा हलवा केला होता, तू इथे असतीस तर डबा भरून दिला असता.

पान पाठवतोय. पुस्तकातून पट्टी धरून फाडलं. प्रार्थनेचं पुस्तक फाडायचं नसतं, पोरी. पण आजोबांसाठीच फाडलं ना? संमतिपत्रावर सही केली आहे. वाचलं नाही. तू वाचलं असशीलच.

या निमित्ताने आजोबांची ट्रंक आवरली. त्यांच्या वहीतलं एक पान होतं, नको ते. वडिलांनी मरताना माझ्या हातात दिलं होतं आणि म्हणाले होते, "ठेवायचं की नाही ते तू ठरव." मी वीस वर्षं ठरवलं नाही. आता भिंतीवर नाव लागणार, म्हटलं घरात तो डाग कशाला? नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी बाल्कनीत जाळून टाकलं. कॉन्डोच्या मॅनेजरने नोटीस दिली आहे, ती वेगळीच गंमत.

तुझी नोकरी पक्की झाली की कळव. माझी लेक इंग्रजीत रडते. मराठीत बोलणारी एक मिळाली, म्हाताऱ्याला तेवढं पुरे.

तुझा,
मॉरिसकाका

*

टोरोंटो, ८ नोव्हेंबर २०२४

सुनेत्रा,

हे पत्र एक्स्प्रेसने पाठवतोय. हे काय चाललंय?

संमतिपत्रावर मी रिबेकाचा ईमेल दिला होता, त्यावर काल कुणा ठसे-तज्ज्ञाचं ईमेल आलं. आजोबांच्या उजव्या हाताचा ठसा आहे का, असं विचारतोय. सोबत एका कागदाचा फोटो होता. मूळ रहिवाशांनी आपली राखीव जमीन कॉलेजसाठी राजीखुशीने सोडल्याचा कागद. तारीख १ नोव्हेंबर १९२४. खाली एकवीस ठसे.

मी कॅलेंडर बघितलं. तो शनिवार होता! माझे आजोबा शनिवारी काडी इकडची तिकडे करत नसत. त्यांचा ह्या कागदाशी काय संबंध?

तू महिनाभर एक ओळ लिहिली नाहीस. ईमेल वाचून मी लॉबीत तुझं पत्र आलंय का बघायला धावत निघालो, जिन्यावरून पडलो आणि उजवा पाय घोट्यात मोडला. प्लास्टरमध्ये बसून लिहितोय.

माझी संमती मी मागे घेतोय. पान परत पाठव. भिंतीवर नाव नको, काही नको. आणि सुनेत्रा, पुढे काही करण्याआधी मला एकदा फोन कर. मला तुला काहीतरी सांगायचं आहे.

मॉरिसकाका

*

रेजिना, २० डिसेंबर २०२४

प्रिय मॉरिसकाका,

पोस्टाचा संप मिटला आणि लगेच लिहायला बसले. मधल्या काळात तुम्ही काही लिहिलं असेल तर ते मला मिळालेलं नाही. माझा अहवाल २ डिसेंबरला सादर झाला. तुम्हाला तो दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून स्वतः सांगते.

इथे जिनीव्हा नावाच्या एक म्हाताऱ्या बाई आहेत. कॉलेजची जमीन मुळात त्यांच्या लोकांची. त्या वर्षानुवर्षं सांगत होत्या, की आमच्या माणसांनी जमीन सोडलीच नव्हती, तो कागद खोटा आहे. शेवटी गेल्या वर्षी कॉलेजने तिजोरीतून कागद काढला. बाई म्हणाल्या, "आमचे लोक फुली मारायचे. बोट कुणीच उठवत नव्हतं." आणि त्यांचं बरोबर होतं. त्या काळातले इथले दुसरे सगळे कागद मी पाहिले. फुल्याच फुल्या.

घाण्यावर तुमच्या आजोबांचं नाव वाचलं त्या क्षणी मला उलगडा झाला. निरक्षर माणसाची सही म्हणजे डावा अंगठा, हे कुणाच्या डोक्यात येईल? आपल्याकडच्या कचेऱ्या पाहिलेल्या माणसाच्याच. बसल्या जागी त्यांनी सवयीने केलं आणि तिथेच चुकले. एकवीस ठसे, पण माणूस एकच. बोटं फिरवून फिरवून उठवलेली. त्यातल्या तीन ठशांना मधोमध चीर आहे.

हो, तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मला हे माहीत होतं. खरं सांगितलं असतं तर तुम्ही पान दिलं असतं का? इतिहास लिहिणाऱ्याला नात्यागोत्याचा विचार करून चालत नाही. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण खरं ते खरं.

कॉलेजच्या वकिलांनी निष्कर्ष काढला आहे: खोटेपणा एका कारकुनाने केला, प्रिन्सिपल ट्वीड यांना त्याची कल्पना नव्हती, कॉलेजने जमीन शुद्ध हेतूने घेतली. जमीन परत करायचा प्रश्न त्यामुळे उरत नाही. जिनीव्हाबाईंची माफी मात्र रीतसर मागतील. भिंतीशेजारी एक पाटी लागेल, 'आमच्या इतिहासाचा कटू भाग' म्हणून. त्यावर तुमच्या आजोबांचं नाव असेल.

मला एप्रिलपासून पर्मनंट केलं आहे. हे तुम्हाला कळवताना संकोच वाटतो, पण तुम्हीच कळव म्हणाला होतात.

थंडी फार आहे. पायावर जोर देऊ नका, घोटा लवकर भरत नाही या वयात.

आपली,
सुनेत्रा

*

टोरोंटो, ५ जानेवारी २०२५

सुनेत्राबाई,

माझं पत्र मिळालं नाही म्हणता, मग माझा घोटा मोडल्याचं तुम्हाला कोण सांगून गेलं? मी एकतीस वर्षं पोस्टात होतो. ८ नोव्हेंबरचं एक्स्प्रेस १२ तारखेला तुमच्या दारात पोचलं. पलीकडून सही झाली आहे, ती पण मी पाहिली. संप १५ ला सुरू झाला. खोटं बोलायचं तर निदान पोस्टमनशी बोलू नये.

तुम्ही केसाने गळा कापलात. काका म्हणून कापलात, ते जास्त लागलं. आणि चूक माझीच, पान फाडून मीच तुमच्या हातात दिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पण आता माझं ऐका. मी फोन कर म्हटलं होतं ते काय सांगण्यासाठी, ते लिहितो.

ते अंगठे आजोबांनीच उठवले. मला माहीत होतं. नोव्हेंबरात मी शनिवारचा कांगावा केला, तो घाबरून. जे पान मी जाळलं, त्यावर त्यांनी सगळं लिहून ठेवलं होतं. ट्वीडसाहेबाने त्यांना त्या वस्तीवर यादी देऊन पाठवलं. ते तीन दिवस दारोदार फिरले. एकवीस माणसं. आजोबांनी एकेकाचं नाव मराठीत लिहिलं होतं, कानाला ऐकू आलं तसं, आणि प्रत्येक नावापुढे दोन शब्द: 'नाही म्हणाला'. एकवीस वेळा. शुक्रवारी यादी परत दिली. शनिवारी सकाळी साहेबाने बोलावून घेतलं, खोलीचं दार लावलं, शाईची गादी पुढे ठेवली आणि म्हणाला, "तुझ्या बायको-मुलाला इकडे आणायच्या परवानगीचा कागद माझ्या टेबलावर आहे. संध्याकाळपर्यंत एकवीस निशाण्या दे, मी सही करतो." आजोबा म्हणाले, आज शनिवार, मी कामाला हात लावत नाही. साहेब हसला. खाली त्या पानावर साहेबाच्या हातची इंग्रजी चिठ्ठी डकवलेली होती: 'आज संध्याकाळपर्यंत एकवीस', आणि त्याची सही.

आजोबांनी उठवले. साहेबाने परवानगीवर सही केली नाही. वर्षभर ताटकळले आणि परत गेले.

चिंधी त्यासाठी होती, बाई. कामाला हात लागू नये म्हणून नव्हे. दर शनिवारी तो अंगठा झाकायचा म्हणून. लाज तीन पिढ्या गुंडाळत आलो आणि मी ती परंपरा म्हणून मिरवली.

तुम्ही मला ऑगस्टात खरं विचारलं असतं तर काय झालं असतं? मी चार दिवस तुम्हाला शिव्या घातल्या असत्या. पाचव्या दिवशी ते पान पाठवलं असतं. वीस वर्षं मी कुणी विचारण्याची वाट बघत होतो. पण तुम्ही भिंत दाखवलीत. भिंतीवर नाव लागायचं तर डाग जाळला पाहिजे, असं मला वाटलं. त्या बाईंची सात हजार एकर जमीन मी बाल्कनीत जाळली, हलवा थंड होईपर्यंत. आणि तुम्हाला ते पत्रातून कळवलंसुद्धा. तुम्ही एका शब्दाने विचारलं नाहीत, की काका, कसलं पान? तुम्हाला फक्त अंगठा हवा होता.

काखेत कळसा होता, बाई.

मॉरिस रोहेकर

*

केटल प्लेन्स, ३ फेब्रुवारी २०२५

श्री. मॉरिस रोहेकर यांस,

आपलं ५ जानेवारीचं पत्र मिळालं. ते मी डीनबाईंना आणि वकिलांना भाषांतर करून दाखवलं.

मूळ पान उपलब्ध नसल्याने त्यातील मजकुराची दखल घेता येणार नाही, असं त्यांचं मत आहे. वंशजाने अहवाल आल्यानंतर केलेलं कथन पुरावा ठरत नाही. तसंच, प्रिन्सिपल ट्वीड यांच्याबद्दल असा आरोप आपण इतरत्र केल्यास कॉलेजला योग्य ती पावलं उचलावी लागतील, हे कळवण्यास मला सांगण्यात आलं आहे.

पानाची एखादी झेरॉक्स, फोटो, रिबेकाच्या फोनमध्ये काही, असं असेल तर कृपया पाठवू नये. मला पाठवू नये. मी एप्रिलपासून पर्मनंट होणार आहे. माझ्या हातात ते आलं तर मी काय करेन हे मला माहीत नाही, आणि ते मला माहीत करून घ्यायचं नाही.

पाटीचा मजकूर मंजूर झाला आहे: 'अब्राहाम एस. रोहेकर, कारकून, यांनी १ नोव्हेंबर १९२४ रोजी एकवीस खोटे ठसे उठवले. आमच्या संस्थापकांची त्यांनी फसवणूक केली.' अनावरण १३ सप्टेंबरला आहे. वंशज म्हणून आपल्याला निमंत्रण आहे. पहिल्या रांगेत जागा ठेवता येईल.

सुनेत्रा दाणी
इतिहास व अभिलेख विभाग

*

टोरोंटो, २ मार्च २०२५

श्रीमती दाणी यांस,

झेरॉक्स नाही. फोटो नाही. निश्चिंत झोपा.

१३ सप्टेंबरला शनिवार येतो. कॉलेजला शनिवारचा जुना लळा दिसतो. मी येईन. रिबेका नको म्हणते, पण येईन. नाव लागलेलं बघायचं, असं मीच म्हटलं होतं ना? पहिल्या रांगेतच बसवा. अंगठ्याला चिंधी नसेल, हे मात्र आधीच सांगून ठेवतो. जिला तो अंगठा बघायचा हक्क आहे ती बाई तिथे असणार.

जिनीव्हाबाईंचा पत्ता वनिताताईंनी मिळवून दिला. मी त्यांना सगळं लिहिलं, रिबेकाने इंग्रजीत केलं. त्यांनी फोन केला. शिव्या घालतील म्हणून मी रिसीव्हर कानापासून लांब धरला होता. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या कागदावरची नावं तुम्हाला आठवतात का? आमच्याकडे कुणी लिहून ठेवली नव्हती. नाही कोण म्हणालं, ते आम्हाला माहीत नाही."

ते पान मी आयुष्यात दोनदाच वाचलं होतं. एकदा वडील गेले तेव्हा, आणि एकदा काडी लावायच्या आधी. दोन महिने मी रोज सकाळी कागद घेऊन बसतोय. डोळे मिटले की आजोबांचं अक्षर दिसतं, 'नाही म्हणाला' दिसतं, ओळीखाली ओळ. त्याच्या अलीकडची नावं दिसत नाहीत.

एकवीसपैकी दोन आठवली. दुसऱ्याची मला नीट खात्री नाही.

ती दोन नावं मी कागदावर लिहिली, दोन्हींपुढे 'नाही म्हणाला' असं लिहिलं, खाली माझा डावा अंगठा केला आणि कागद पोस्टात टाकला.

मॉरिस रोहेकर